जबलपूर स्वस्त कसं पाडलं

ती. यमुताईस,

मधुकरचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या उभ्यानेच घातला असं समज.) तुझी तब्येत बरी असणारच, काटोलच्या बाजारात संत्रेवाल्यांशी घासाघीस करणाऱ्या बाईला आजारी पडायला सवड कुठली?

पत्रास कारण तुझी भाची. बारावीनंतर कुठे शिकावं यासाठी सोनिकाने संगणकावर एक तक्ता केला आहे. कोणत्या राज्यात फी किती, वसतिगृहाला किती, शिष्यवृत्ती कोणाला. (वंदनाने मला पसंत करतानासुद्धा एवढी चौकशी केली नव्हती.) मन आहे जबलपूरच्या एका कॉलेजावर, कारण तिला हवं तसं संख्याशास्त्र तिथे आहे. पण तक्ता म्हणतो नागपूर! कारण घरी राहायचा खर्च तिने शून्य धरला, आणि जबलपूरची शिष्यवृत्ती फक्त मध्य प्रदेशच्या मुलांना.

मी म्हटलं, एवढंच ना? लावला कॉलेजला फोन. नागपूर तर तुमच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, आमचे आजोबा तुमच्याच सरकारात पटवारी, मग माझी पोर परकी कशी, असा मुद्दा चांगला ताणून मांडला. तिकडचा बाबू शांतपणे म्हणाला, "अंकल, छप्पन में तो आप ही छोड़कर गए थे." इतिहासात मी शाळेतही असाच आपटायचो.

तसा जबलपूरचा जादा खर्च मला जड नाही, पण पोरगी तक्त्यापुढे ऐकेना. मग मी तक्ताच सुधारायला घेतला. ती सीताबर्डीला गेली असताना नागपूरच्या रकान्यात कूलरचं बिल, पेट्रोल, तर्रीपोहे, माझी रोजची कटकट (हिला पाच हजार लावले) असं भरत गेलो, जबलपूर स्वस्त पडेपर्यंत. तिने येताच पकडलं. "बाबा, कूलर तं तुमच्या खोलीत आहे, बिल माह्या नावावर काहून?" मग जबलपूरसमोर तिने एक नवा रकाना काढला, 'बाबा एकटे'. त्यात काय आकडा घालावा तिला सुचेना. मोकळाच ठेवला आणि म्हणाली, "मी नाही जात जबलपूरले."

ताई, वंदना गेल्यापासून ही पोर माझी आई होऊन बसली आहे, आणि मला ते सोसवत नाही. मी एकटा मजेत राहीन हे दाखवायला काल स्वयंपाक केला, तर कुकरने वरण भिंतीवर वाढलं. आम्ही दोघांनी मिळून ते पुसून काढलं.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
मधुकर

ता. क. : प्रवेशाची मुदत संपत आली. तू सोनिकाला फोन करून एवढंच सांग, की तुझ्या गुडघ्याचा इलाज नागपुरात करायचा आहे आणि तू माझ्याकडे राहायला येतेस. मग ती मोकळ्या मनाने जाईल. ती गेली की तू खरोखर यायची गरज नाही, माझं मी पाहीन.

आणखी एक ता. क. : वरचं शेवटचं वाक्य वाचू नकोस. ये, ताई. आणि गुडघा जरा सावकाश बरा होऊ दे.