देशाचं कुलूप

काली शहर, १४ मार्च २०२३

प्रिय दमारिसताई,

आईकडे माझ्यासाठी आशीर्वाद माग. तिचा गुडघा कसा आहे? नारळाच्या वड्या पोचल्या, दोन दिवसांत फस्त झाल्या. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू माझा आवाज सगळ्या घराला ऐकवतेस, म्हणून हे बोटवाल्याच्या हाती देतेय. एकटीच वाच.

मी कॉल सेंटरमध्ये नाही गं. कधीच नव्हते. एका स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर कपडे उतरवते, परदेशातले पुरुष पैसे भरून बघतात. आधी शिव्या दे, मग पुढे वाच.

तिथे गोऱ्या मुलींना चांगल्या खोल्या, चांगल्या वेळा. आम्हा काळ्यांना उरलंसुरलं, वर दंड. गेल्या महिन्यात कुणा गिऱ्हाइकाची फर्माईश म्हणून मालक फाब्रिसियोने हार्डवेअरच्या दुकानातून साखळी आणली. गळ्यात घाल आणि त्याला धनी म्हण, असं सांगितलं. मी नाही म्हटलं. तर हसत म्हणाला, "तुमच्या गुलाम खापरपणज्यांना चालत होतं की." अंगाची लाही लाही झाली. आम्ही चौघींनी कामगार कचेरीत तक्रार दिली. पहिली सही माझी. आगाऊपणा मला नडणार, हे तू म्हणायचीसच.

इंटरनेटवरचं आमचं पान आपल्या देशात दिसू नये म्हणून त्याला कुलूप असतं. त्याच भरवशावर मी हे काम धरलं. परवा फाब्रिसियोने माझं कुलूप काढलं. आता आपल्या गावात, ग्वापीत, कुणीही फोन उघडला की मी दिसणार. पाद्रीबाबांना, मास्तरांना, मामाच्या पोरांना. "सोमवारपर्यंत सही मागे घे, लगेच लावतो," म्हणाला.

ताई, मला फार भीती वाटते. फोन वाजला की उशीखाली सारते. काल सही मागे घ्यायला निघालेही होते. कचेरीच्या दारात यार्लेनी भेटली, आमच्या स्टुडिओतली सगळ्यात भित्री. मी नाही म्हटल्यावर ती साखळी तिला घालायला लावली होती. मानेवर वळ उठलाय. ती पाचवी सही करायला आली होती. "तुझं नाव वर आहे म्हणून धीर आला," म्हणाली. तिच्याबरोबर आत गेले आणि माझी सही तशीच ठेवून परत आले.

तेव्हा कुणी दाखवायच्या आत आईला तूच सांग. जवळ बसून, हात धरून सांग. साखळीचंही सांग.

ती काय म्हणाली ते मात्र सोमवार उलटल्यावरच कळव. ती रडली असं आधी कळलं, तर मी सही खोडून येईन.

भेदरलेली,
तुझी ओनेयदा