पाचव्या नळीचं कुंकू

गुरुग्राम, २३ सप्टेंबर २०२५

प्रिय शेवंते,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हा उद्योग. माझी दोन वाक्यं होतायत तोच तुझ्या दुकानात कुणाचा तरी बंद पडलेला फ्रीज येतो, आणि तू ‘थांब गं जरा’ म्हणून मला अर्धा तास टांगून ठेवतेस. आता बोल! कागद मधेच कापता येत नाही. तेव्हा बाईसाहेब, शटर अर्धं ओढा, पोरांना चहाला पाठवा आणि शेवटपर्यंत वाचा.

आधी बातमी. आपल्या ओनिकावा कंपनीला भारतात तीस वर्षं होतायत आणि कंपनी स्वतःवर एक जाडजूड पुस्तक काढतेय. ‘आपल्या’ म्हटलं म्हणून नाक मुरडू नकोस, तुझाही त्यात घाम आहे. मार्केटिंगमधल्या चिरागने पहिला मसुदा आणला, तो वाचून मी कपाळावर हात मारला. ‘ओनिकावा साठ देशांत आनंद पोहोचवते.’ अरे यार, आनंद कसला, फ्रीज पोहोचवतो आपण! टीव्ही, एसी आणि वॉशिंग मशीन पोहोचवतो, आणि ती बंद पडली तर माणूस पोहोचवतो. एमडी मॅडम म्हणाल्या, देवयानी, क्वालिटीचं प्रकरण तूच लिही. मी म्हटलं, बिल्कुल. देशातल्या तिन्ही कारखान्यांची क्वालिटी माझ्या हाताखाली, मी नाही लिहिणार तर कोण? त्यामुळे सध्या चौदाव्या मजल्यावर एसीत बसून मी लेखिका झाले आहे.

पण त्याच मसुद्यात एक वाक्य तुझ्याबद्दल आहे. जसंच्या तसं देते: ‘१९९९ साली शेवंता गुंड या कंत्राटी कर्मचाऱ्याच्या अंधश्रद्धेमुळे सदोष फ्रीज बाजारात गेले आणि त्यातून कंपनीने तपासणीची नवी पद्धत घडवली.’ नावासकट, शेवंते! चिरागला वाटलं, वा, काय छान किस्सा सापडला. पुस्तक सगळ्या डीलरांना जाणार, तुझ्या बार्शीतल्यालाही. पाच माणसं हाताखाली घेऊन फ्रीजदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईबद्दल हे छापून येणार. शुक्रवारी पान छापखान्यात जातंय आणि त्याखाली माझी सही लागते. वाचल्यापासून घास गोड लागत नाही मला.

बाकी प्रकरण मी झकास लिहिलंय, उगाच नम्रपणा करत नाही. जपानी लोकांनी आणलेला पहिला फ्रीज दिल्लीच्या मे महिन्यात कसा धापा टाकायला लागला, ते लिहिलं. आपल्या बायका पातेलंच्या पातेलं आत ठेवतात म्हणून फळ्या काढता-घालता येतील अशा केल्या. फ्रीजला कुलूप का हवं हे त्यांना दोन वर्षं कळेना, शेवटी कारखान्याचे प्रमुख नाकाता साहेब, त्यांना घेऊन आपण करोल बागेत आमच्या घरी गेलो आणि आईने कुलूप उघडून त्यांना श्रीखंड दिलं, तेव्हा पटलं. तोही किस्सा घातलाय. आईचं नाव छापून येणार म्हणून राजाभाऊ आत्तापासून भाव खातायत. चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले, पण बायकोचं कौतुक निघालं की अजून लाजतात आमचे बाबा.

तू आमच्याकडे राहायला आलीस तो दिवस आठवतो? दोन ट्रंका, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि शेंगाचटणीची बरणी. नोएडाच्या त्या कारखान्यात फ्रीजच्या लाइनवर आपण दोघीच मुली. मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली, तरी माझं अर्धं मराठी हिंदीने खाल्लेलं. तुझ्या तोंडून एकेक शब्द ऐकून मी वहीत लिहून ठेवायची आणि तू फिदीफिदी हसायचीस. खंडेनवमी मला तूच शिकवलीस. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं-यंत्रं पुसायची, हळदकुंकू वाहायचं आणि त्यांना विश्रांती द्यायची. कारखान्यात विश्वकर्मापूजा महिनाभर आधीच झालेली होती, फोरमन म्हणाला पुन्हा काय हे. पण तू हटून बसलीस. शेवटी नाकाता साहेबांनी सकाळचा एक तास लाइन थांबवायची परवानगी दिली, आणि स्वतः बूट काढून हात जोडून उभे राहिले. तू यंत्रांना कुंकू लावत होतीस आणि मी ताट धरून तुझ्या मागे.

दिवाळीत दुकानांतून फोन सुरू झाले. फ्रीज गार होत नाहीत. गॅस गळून गेलेला. लाइनवर गॅस हुंगणाऱ्या सहा नळ्या होत्या, सांध्याजवळून फिरवल्या की गळती सांगायच्या. त्यातल्या पाचव्या नळीच्या तोंडाच्या जाळीत कुंकू वाळून बसलेलं. नळी आंधळी झाली आणि गळके फ्रीज बिनबोभाट पास झाले. चौकशीत विचारलं, पूजा कोणी केली? तू म्हणालीस, मी. लेखी दे म्हणाले, तू दिलंस. कंत्राट तिथेच संपलं. मला त्याच महिन्यात कायम केलं. नवी दिल्ली स्टेशनवर तुला सोडायला आले तेव्हा मी रडत होते आणि तू मला समजावत होतीस. अगं, मला!

आता ऐक. ते कुंकू तुझ्या हातचं नव्हतं. तू नारळ फोडायला बाहेर गेलीस तेव्हा माझं लक्ष गेलं, पाच नळ्यांना बोट लागलंय आणि एक कोरीच. मला वाटलं तू विसरलीस. बिचारी एकटीच राहिली, म्हणून मी बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि बरोब्बर तोंडावर लावलं. बाकीच्या नळ्यांना तू मुठीवर लावलं होतंस, तोंडावर नाही, हे बघायची अक्कल नव्हती. जाळीतलं कुंकू दाखवलं तेव्हाच मी ओळखलं. आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. भित्री होते, दुसरं काही नाही. वर सव्वीस वर्षं स्वतःची समजूत घालत राहिले की शेवंताला बिचारीला वाटतंय, तिच्याच हातून झालं. तिला ठाऊक नाही तर कशाला जुनं उकरा.

काल पुस्तकासाठी ती चौकशीची फाइल मागवली. तुझा जबाब निघाला, तुझ्या गोल गोल अक्षरात. वरची ओळ आहे: ‘मी सर्व नळ्यांना कुंकू लावले.’ तिच्या खाली एक ओळ खोडलेली. खिडकीशी धरली आणि वाचता आली: ‘पाचव्या नळीला मी मुद्दाम लावले नाही, तिची जाळी सैल होती, कुंकू आत गेले असते.’ म्हणजे तुला माहीत होतं. चौकशीच्या त्या खोलीत मीही बसलेली, आपल्या दोघींनाच माहीत होतं, आणि तू माझ्याकडे एकदा बघून ती ओळ खोडलीस. मी चौदाव्या मजल्यावर ढसाढसा रडले, काचेच्या केबिनमध्ये, सगळ्यांसमोर. मग तोंड धुऊन एमडींकडे गेले. त्या म्हणाल्या, प्रसंगच काढून टाकू, कुणाला काय कळतंय. मी म्हटलं, नाही मॅडम, प्रसंग राहील, नाव बदलेल, नाहीतर प्रकरण दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. त्या म्हणाल्या, ठीक आहे, लिही. पुस्तक छापून होऊ दे, मग तुझ्याशी वेगळं बोलायचंय, असंही म्हणाल्या. ते बोलणं कसलं असेल ते मला समजतं. खुर्ची गेली तर जाईल, मी बसून खाणाऱ्यातली नाही, आणि आज मला कुणाची भीती वाटत नाहीये. पुस्तक तुझ्या हातात पडायच्या आधी हे माझ्याकडून कळायला हवं, म्हणून पत्र. वाक्य आज सकाळी सही करून दिलं: ‘१९९९ साली देवयानी प्रधान यांनी तपासणीच्या नळीच्या तोंडावर कुंकू लावले आणि दोष शेवंता गुंड यांच्यावर जाऊ दिला. श्रीमती गुंड यांनी ती नळी मुद्दाम वगळली होती, कारण तिची जाळी सैल आहे हे संपूर्ण कारखान्यात फक्त त्यांच्या लक्षात आले होते.’ माफी मागत नाही, शेवंते. माफ तर तू मला त्याच दिवशी केलंस, पेनाने. मी फक्त तू खोडलेली ओळ पुन्हा लिहून काढली आहे.

तुझीच, उशिरा का होईना,
देवयानी