पडद्याची पापणी

प्रिय मने,

पत्र बघून दचकू नकोस. तब्येत ठीक आहे, गुडघाही आता जिना चढू देतो. फोनवर मला दोन वाक्यांपुढे जाता येत नाही, हे तुला माहीतच आहे. आई म्हणायची, ह्यांच्याशी फोनवर बोलणं म्हणजे तार करण्यासारखं. परवा तू म्हणालीस, "बाबा, आई विसरायला लागली होती. वहीत पानोपानी दिसतंय. माझ्या लक्षात यायला हवं होतं." त्यावर मी "हं" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून ते "हं" माझं मलाच टोचतं आहे. तिला जाऊन चार महिने झाले, आणि तिच्या कपाटात सापडलेली ती निळी वही तू रोज उघडून बसतेस, हे ऐकल्यावर मला गप्प राहणं जमेना. पण मला मधूनच सांगता येत नाही, सुरुवातीपासूनच सांगावं लागतं. जरा धीर धर.

तू नोकरी बदललीस आणि तुझा जुना कॉम्प्युटर इकडे पाठवलास, तो दिवस मला आठवतो. दोन खोकी आली. त्यातलं मोठं, मॉनिटरचं, आम्ही दोघांनी जिन्यावरून वर चढवलं. प्रत्येक पायरीला आई, "अहो, तुमच्याकडून वाकडं होतंय," आणि मी, "माझ्याकडून सरळच आहे." मला वाटलं होतं, तो कोपऱ्यात धूळ खात पडेल. तर आठवड्याभरात आईने त्यातला विमानाचा खेळ शोधून काढला. छोटं विमान, बेटाबेटांवर डाक पोचवायची. तीस वर्षं गिरणीत कापडाचे तागेच्या तागे डोळ्यांखालून घालून दोष शोधणारी बाई ती. निवृत्त झाल्यावर त्या डोळ्यांना कामच उरलं नव्हतं. खिडकीच्या पडद्याचा उसवलेला धागा दिसला तरी तिला बरं वाटायचं. आता ती सकाळची कामं आटपून, केस नीट बांधून, चष्मा पुसून विमानात बसायची. उतरताना विमान आपटलं की मान हलवून म्हणायची, "पत्रं सुकी आहेत ना, मग झालं."

मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. मी मागे खुर्ची टाकून पेपर वाचायचो. तिला मात्र मी तिथे लागायचो. वाऱ्याचा जोर वाढला की, "धरून बसा," म्हणायची, आणि मी खरंच खुर्चीचा हात धरायचो.

एक दिवस म्हणाली, "हा पडदा पापणी मारतोय." मी पाहिलं, मला काही दिसेना. ती म्हणाली, "तुम्हाला शेजारचं बिऱ्हाड बदललेलं सहा महिन्यांनी कळलं, हे कुठून दिसणार?" काळ्या ढगात विमान शिरलं की पडदा उजळायचा, मंद व्हायचा. नकाशा उघडला की तेच. दहा मिनिटांत तिचं डोकं दुखायला लागायचं. मी म्हटलं, मनीला विचार. तिने चष्मा काढून पुसायला घेतला. तेव्हा तुमच्या दोघींत बोलणं उरलं नव्हतं, आठवतं ना? तू लग्न मोडून आलीस तेव्हा आई जे बोलली, ते ती बोलायला नको होतं. त्यावर तू जे बोललीस, तेही. पुढे दोन वर्षं माझा नुसता निरोप्या झाला होता. "आईला सांगा, औषध घे." "तिला विचारा, जेवते का वेळेवर." मी इकडचं तिकडे करायचो, आणि माझ्या तोंडून जाताना त्यातली सगळी माया गळून पडायची.

शेवटी मीच तुला फोन केला. पडदा पापणी मारतो, एवढंच सांगितलं. तू दहा प्रश्न विचारलेस, मला एकाचंही उत्तर येईना. वैतागून म्हणालीस, "बाबा, आईला द्या फोन." मी दिला. चाळीस मिनिटं तुम्ही बोललात! पहिली वीस मिनिटं कोर्टात बोलतात तशी. मग तिने सांगितलं की लुकलुक ढगातच होते, निळ्या आभाळात नाही. तू म्हणालीस, "हे कसं गं पकडलंस? आमच्या ऑफिसात पोरांना आठवडा लागतो." फोन ठेवल्यावर तेच वाक्य ती मला पुन्हा पुन्हा ऐकवत होती. गिरणीत तीस वर्षांत कोणी तिला असं म्हटलं नव्हतं, घरातही नाही.

मग ओळीने तीन रविवार, सकाळी दहाला तुझा फोन. पहिल्या रविवारी केबल बदलून पाहिली. दुसऱ्या रविवारी खेळ पडद्यावरच्या छोट्या खिडकीतून काढून पूर्ण पडद्यावर आणला. तिसऱ्या रविवारी तू तिला सगळं समजावलंस आणि तिने मला. तुझं उदाहरण मला अजून पाठ आहे. कॉम्प्युटरच्या आत एक कार्ड असतं, ते मॉनिटरला चित्रं पाठवतं, पण सारख्या वेगाने नाही, कधी भराभर, कधी रेंगाळत. मॉनिटर त्याच्या चालीने चालायला बघतो. म्हणजे आई आणि बाबा फिरायला निघाले, आई दुकानासमोर थांबली की बाबांनी थांबायचं, ती भरभर चालली की त्यांनीही. चाल अशी सारखी बदलत राहिली की पडद्याचा उजेड हलतो, आणि अंधारात तो जास्त दिसतो. तेव्हा कार्डालाच सांगायचं, बाई गं, एका सेकंदाला साठ चित्रं, त्याहून जास्त नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये तिने साठची मर्यादा घातली आणि पापणी थांबली. तिने टाळी वाजवली. तिकडे तूही वाजवलीस, मला फोनमधून ऐकू आलं.

चौथ्या रविवारी फोन आला नाही. का येईल? बिघाडच उरला नव्हता. आई नऊ वाजल्यापासून तयार होती. कॉम्प्युटर लावला नाही. फोनशेजारी बसून जुनं मासिक चाळत होती, पान मात्र उलटत नव्हती. मी म्हटलं, तूच कर फोन. म्हणाली, "काय सांगून करू? सगळं नीट चाललंय म्हणून?" अकरा वाजता उठली आणि नसलेली धूळ पुसायला लागली. पाचव्या रविवारीही तसंच झालं.

सहाव्या आठवड्यात पडदा पुन्हा पापणी मारायला लागला.

त्यानंतरचं वर्ष तुला माहीत आहे. कधी मर्यादा निघालेली असायची, कधी खेळ पुन्हा खिडकीत गेलेला असायचा, कधी मॉनिटरच्या खालच्या बटणांतलं काहीतरी बदललेलं. दोष दोन मिनिटांत सापडायचा, उरलेला तास तुमचा. त्या तासात मी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत बसायचो. तुझ्या नव्या घराच्या पडद्यांचा रंग तिने फोनवरून ठरवला. एकदा ती तुला म्हणाली, "त्या वेळी मी तुझ्या बाजूने उभं राहायला हवं होतं." मी तेव्हा हातातली ताटली तशीच धरून उभा होतो. तू काय उत्तर दिलंस ते मला ऐकू आलं नाही, पण आई बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि तिने विचारलं, "आज बाहेरच जेवू या का?" लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आपण होऊन तिने हे पहिल्यांदा विचारलं.

आता वहीबद्दल. सुरुवातीला तू म्हणायचीस, अपडेट आलं की सेटिंग पुसलं जातं. मग तू अपडेट बंद करायला लावलंस, तरी व्हायचं ते होतच राहिलं. मग तू हसत म्हणालीस, "आई, तूच काहीतरी दाबतेस." पुढे हसणं कमी झालं. तेव्हा तिने वही घातली. "शुक्रवार. मर्यादा साठ. पूर्ण पडदा. बंद करताना पाहिलं." आणि खाली, "मी हात लावलेला नाही." दर आठवड्याला. गिरणीत तागा पास केल्यावर सही करायची, तशी खाली सही. पुढेपुढे ती गॅस बंद केलाय का हेही दोनदा बघायला लागली. कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत जायची. शेवटच्या त्या रविवारी तू म्हणालीस की डॉक्टरला दाखव, आणि ती चिडून म्हणाली, "मी काही वेडी नाही." तूही आवाज चढवलास. पुढचे दोन रविवार ती फोनवर आली नाही, आणि त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी हृदयाच्या झटक्याने ती गेली.

मने, ते सेटिंग मी बदलत होतो. शनिवारी दुपारी ती वाचनालयात गेली की मी खुर्ची पुढे ओढायचो. माउस मला धरता येत नाही असं तुम्हा दोघींना वाटायचं, आणि मी ते तसंच वाटू दिलं. वजनकाटे तपासण्यात माझी उभी नोकरी सरली, सोळा-सतरा हजार काट्यांवर शिक्का मारला, एकही खोटा काटा पास केला नाही. आणि घरात मी हे केलं. आधी तुमच्यासाठी केलं. मग मला भांडी लावत तुमचं हसणं ऐकायची सवय लागली. वही मी पाहिली होती. तिला कुलपाकडे परत जाताना पाहिलं होतं. दर शनिवारी ठरवायचो, हे शेवटचं, आणि सांगून टाकायचं. ती चिडून फोनवर येईना, तेव्हा तर मंगळवारी सांगायचं नक्की ठरवलं होतं. तू वही तुझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना दाखवलीस, आणि आता स्वतःची तपासणी करून घेणार म्हणतेस, कारण असलं दुखणं घराण्यात उतरतं. काही करून घेऊ नकोस. तिच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं. तू काही ओळखायचं चुकवलेलं नाहीस, ओळखण्यासारखं काही नव्हतंच. त्या वहीतलं प्रत्येक वाक्य खरं आहे. तिने हात लावलेला नव्हता. हे तिला सांगायचं माझं राहून गेलं, म्हणून तुला लिहिलं. आता तू माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव. मी फोन करणार नाही.

तू म्हणशील तर अजून तुझाच,
बाबा