वाघदेवाच्या रिकाम्या खड्ड्याचं मृत्युपत्र

मी लाहू झिपरू वरठा, वय सतराच्या आसपास, राहणार बोरीचा पाडा, तलासरीजवळ, जिल्हा ठाणे. डोकं ठिकाणावर आहे, ताडी प्यायलेलो नाही. कोणी दमदाटी करून लिहायला लावलेलं नाही. दमदाटी आहे, पण ती लिहिण्यासाठी नाही, जागा सोडण्यासाठी आहे.

चौथीत शाळा सोडली, कारण मास्तर उभं करून बोलायला लावायचे. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून लिहितो. डहाणूला कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा बसतो, तो म्हणाला, "अठरा पुरे नाहीत, तुझं मृत्युपत्र चालत नाही." म्हणजे मी मरायला चालतो, लिहायला चालत नाही. थू. तरी लिहितो.

कारण असं. उद्या सकाळी गवताचा धंदा करणाऱ्या शेठचा मुकादम चंदर आमच्या शेतातून तारेचं कुंपण घालणार. जिथे आमचा वाघदेव उभा होता तिथे आता खड्डा आहे. त्या खड्ड्यात मी उभा राहणार आहे. चंदर म्हणाला, "राहा की उभा. खड्डा आयताच हाय, माती आम्ही टाकू." हसत म्हणाला. आमच्या पाड्यावरच्या पांड्याचा हात त्याने मोडला तेव्हाही हसतच होता.

१. शेत. कागद नाही. आज्याने रान साफ करून केलं, मग बापाने कसलं. बाप गेल्यावर मी आणि आत्या हिरू कसतो. माझ्यामागे ते माझी बहीण नवशी हिचं. तिच्या नवऱ्याचं नाही. तो शेठचं गवत भरतो आणि शेठलाच देवमाणूस म्हणतो.

२. वाघदेव. सागाची फळी, वर चांद-सूर्य, खाली वाघ, अंगाला शेंदूर. आज्याने हद्दीवर पुरला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला तिथे कोंबडं देतो. आमची हद्द म्हणजे तोच.

बोर्डीला चंद्रावतीबाईंची समिती आहे. बाई पूर्वी मास्तरीण होत्या. बाकीची चारपाच माणसं, एक टाइप करायचं मशीन. दुसऱ्या देशांत आमच्यासारखे जे मूळचे लोक आहेत, त्यांच्या जमिनी गेल्या की ही समिती तिथल्या सरकारांना पत्रं लिहिते. परदेशात अशीच एक छोटी समिती आहे, ती इकडच्या, आमच्यासारख्या लोकांसाठी लिहिते. त्या परदेशातल्या समितीला तिकडे प्रदर्शन भरवायचं होतं. बाई पाड्यावर येऊन बापाला म्हणाल्या, "झिपरू, तुमचा देव तिकडे जाऊ द्या. ज्याचा देव जमिनीत रोवलेला, त्याचीच ती जमीन, हे आम्ही जगाला दाखवू. पुढच्या वाघबारशीच्या आत परत आणते."

घरी आलेल्या माणसाला बापाने कधी नाही म्हटलं नव्हतं. फळी उपटली. खड्डा उघडाच ठेवला, कारण देव परत यायचा असला की त्याच्या जागी दुसरा पुरत नाहीत. पुढची वाघबारस गेली. बाप गेला. आता तिच्या पुढचीही गेली. मामलेदाराचा कारकून विचारतो, हद्दीची खूण कुठे? मी खड्डा दाखवला. तो म्हणाला, "हे तर घुशीने उकरलेलं."

आत्या मला घेऊन बोर्डीला गेली. बाईंनी चहा दिला, बश्यासुद्धा दिल्या. आत्या म्हणाली, "बाई, मामलेदाराला एक चिठ्ठी द्या. देव यांच्या शेतात होता, समितीनं नेला, एवढंच."

बाई म्हणाल्या, "हिरू, आमचा नियम आहे गं. आपल्या देशातलं प्रकरण आम्ही हाती घेत नाही. नाहीतर लोक म्हणतील, समिती राजकारण करते."

"मंग तिकडच्यांना सांगा."

"कळवलंय. पण त्यांना आधी पुरावा लागतो, की देव खरंच तिथे होता."

"अवो, देव त्यांच्याच घरात हाय ना!"

मला बोलायचं होतं, तोंडात माती बसली. मग बाईंनी सांगितलं की त्यांच्या पत्रांमुळे कुठल्याशा बेटावरच्या लोकांची जमीन वाचली. चांगलं झालं, खरंच चांगलं झालं. पण तो चहा मला अजून कडू लागतो.

३. फोटो. समितीने काढला, मी आणि वाघदेव. त्या दिवसासाठी मी धुतलेला सदरा घातला होता. फोटोवाला म्हणाला, "सदरा काढ, खरा आदिवासी दिसू दे." काढला. अजून किळस येते. फोटो समितीला परत द्यावा. सदरा नवशीच्या पोराला.

४. कोयता आणि मासे धरायची टोपली आत्याला. कोयता मी उद्या घरीच ठेवून जातोय. हातात दिसला तर गुन्हा माझ्यावर घालतील.

५. चंदर मुकादमाला काही नाही. त्याने माझ्या मयताला येऊ नये. समितीनेही येऊ नये. फोटो काढतील.

६. मी गेलो तर देवाची वाट बघू नका. पाड्यावरचा लहान्या सुतारकाम जाणतो, त्याने नवीन फळी कोरून त्याच खड्ड्यात पुरावी. जुना परत आला आणि रागावला, तर माझ्यावर रागावू दे.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं आणि आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शिव्या कमी हायेत." तशाच ठेवल्या.

लाहू झिपरू वरठा (सही)
बोरीचा पाडा, १२ जानेवारी १९६५

साक्षीदार पहिला: हिरू वरठा, लाहूची आत्या. डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार दुसरा: ही जागा बोर्डीच्या चंद्रावतीबाईंसाठी कोरी ठेवली आहे. लहान्या आत्ताच कागद घेऊन निघतोय, पहाटेपर्यंत त्यांच्या दारात थांबेल. बाई, हे प्रकरण नाही, मृत्युपत्र आहे, तुमचा नियम मोडत नाही. सहीच्या वर फक्त एवढं लिहा, की वाघदेव इथून तुम्ही नेला.

................................