रेघा फिरतील का?

बुधवार संध्याकाळ, अमरावती

चित्र अजून पक्कं नाही. आत्ताच फोनवर वैशालीनं, माझ्या भाचीनंच, सांगितलं. ती प्रयोगशाळेत अकोल्याकडच्या खाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्साइट या खनिजाचा खडा बुडवते आणि अतिसूक्ष्म सुईनं त्याचा पृष्ठभाग चाचपते. सुईच्या हालचालीवरून संगणकावर चित्र उमटतं. त्यात सरळ, समांतर रेघा आल्या. खनिजाच्या पायऱ्या, असं मी लेखात लिहून टाकलं. लेख उद्या दुपारी छापायला जातो.

"मामा, यंत्र हादरलं तरी अशाच रेघा येतात."

"मंग आधी काहून नाई सांगितलं?"

"तुमी बोलू कुठी देल्लं? मथळाच सांगून राह्यले होते."

मथळा बदलता येईल. पण तिनं हेच चित्र विज्ञान परिषदेसाठी पाठवलंय, तिचा पहिलाच शोधनिबंध. रेघा खोट्या निघाल्या तर? इतक्या सरळ रेघा... स्फटिकात असतातही म्हणा.

सकाळी ती खडा काटकोनात फिरवून पुन्हा चाचपणार आहे. रेघा खड्याबरोबर फिरल्या तर खनिजाच्या, तशाच राहिल्या तर यंत्राच्या. काहीही निघालं तरी आधी परिषदेला कळवणार, मग मला, म्हणाली.