दारात का उभे?

गुरुवार, ६ तारीख

पोचले एकदाची! दोन बॅगा, माझा लाडका माइक, हेडफोन आणि आईच्या ढीगभर सूचना असं सगळं घेऊन तीन जिने चढले आणि ताईच्या दारात बसकणच मारली. ताईने दार उघडलं, आलीस का ठमे म्हणाली आणि लगेच आत वळली. घरात घालायची स्लीपर अजून तीच आहे. डाव्या पायाचा पट्टा निसटलेला, त्यामुळे चालताना चटक्-फट्, चटक्-फट् वाजते. मी म्हटलं, दे, नवीन पट्टा बसवून आणते. नको म्हणाली. भाऊजींनी चिकटवला होता, तसाच राहू दे.

इथे आले ती नोकरीसाठी. बोलत्या पुस्तकांच्या स्टुडिओत आवाज रेकॉर्ड करायचं काम आहे, सोमवारपासून. पण आईने मला पिटाळलंय ते ताईसाठी, हे काही लपून राहिलेलं नाही. भाऊजी जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून ताई कामापुरती बोलते आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. आई म्हणाली, माझी पहिल्यासारखी ताई मला परत आणून दे. जशी काही दुकानात मिळते! पण आणणार. मी पण काही कच्ची नाही.

शुक्रवार, ७ तारीख

आज गंमतच झाली. जिन्यात एका माणसाने माझ्या हातातला माइक बघून मला जवळजवळ मिठीच मारली. खालच्या मजल्यावर राहतात, दातांचे डॉक्टर आहेत, आणि दिवसभर लोकांना आ करायला लावून कंटाळल्यामुळे त्यांना दिग्दर्शक व्हायचंय. दोन दिवसांत फिल्म करायची स्पर्धा आहे, रविवारी संध्याकाळी सहाला द्यायची, आणि त्यांचा आवाजवाला ऐन वेळी पळाला. कॅमेरा लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका पोराकडे. त्याला सगळे फ्लॅश म्हणतात. मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येतं कुठे?

सगळ्या संघांना एक वस्तू आणि एक वाक्य देतात, दोन्ही फिल्ममध्ये यायलाच हवीत. वस्तू छत्री. वाक्य, ‘आत या ना, दारात का उभे?’ डॉक्टरांनी ताईच्या स्वयंपाकघरातच कथा जुळवली. एक बाई दार उघडून पाहुण्यांना आत बोलावते, पण पाहुणे दिसतच नाहीत. पाहुणे दाखवले की त्यांना चहा पाजावा लागतो, म्हणाले. मग बाई कोण होणार? मी सहज ताईकडे पाहिलं, आणि ताई चक्क हो म्हणाली!

एवढ्यावर थांबली नाही. आम्ही तिघं बिस्किटांच्या डब्यावर तुटून पडलो होतो, तर डाव उगारून ओरडली, ‘चला, सगळे बाहेर व्हा बघू माझ्या स्वयंपाकघरातून!’ आणि हसली. अगदी पहिल्यासारखी. माइक तपासायला चालूच ठेवला होता, त्यामुळे ते सगळं रेकॉर्ड झालंय. झोपायच्या आधी तीनदा ऐकलं. आईला पाठवायचंय.

शनिवार, ८ तारीख, सकाळ

कॅमेरा ताईच्या पाठीमागे, छत्री दाराशी टांगलेली. तिने दार उघडलं, रिकाम्या जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आत या ना, दारात का उभे? ही नाटक करत नव्हती, खरंच बोलावत होती. कुणीतरी यावं, कुणीही यावं, असं. डॉक्टर टाळ्या पिटत सुटले.

पण माशी शिंकली. वाक्य संपल्याबरोबर हेडफोनमध्ये दारात कुणीतरी चप्पल काढल्याचा आवाज आला. मी फ्लॅशवर डाफरले. त्याने पाय वर करून दाखवले, अनवाणी होता बिचारा. पुन्हा घेतलं. या वेळी चपलांचे दोन जोड. पुन्हा घेतलं, तर अजून एक. त्यांच्यापैकी कुणालाही काही ऐकू येत नव्हतं. तुमच्या कानाला अक्कलदाढ येत असेल, डॉक्टर म्हणाले. म्हणू देत. आवाज स्वच्छ मिळाल्याशिवाय मी सोडत नाही, हा माझा खाक्याच आहे. तेव्हा पुन्हा घ्यायला लावलं. आणि पुन्हा.

शनिवार, दुपार

आवाजवाल्यांचा एक नियम असतो. चित्रण झालं की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. पुढे आवाज जोडताना ती लागते. तशी घेतली. आम्ही चौघं होतो. हेडफोनमध्ये खोली भरलेली होती. दवाखान्यात आपल्या नंबराची वाट बघत लोक बसतात ना, तशी. कुणीतरी खोकला दाबत होतं.

डॉक्टर सोफ्यावर टेकले आणि चटका बसल्यासारखे उठले. माफ करा, म्हणाले. कुणाला, ते त्यांनाही सांगता येईना. मग एकदम कुठलासा पेशंट आठवला आणि गेले. फ्लॅश बॅटरी आणायला म्हणून खाली उतरला तो उतरलाच. फोनवर म्हणाला, जोडकाम तूच कर. मला तिथे गर्दीत उभं राहिल्यासारखं होतंय.

आणि मग मी मूर्खपणा केला. मला वेड लागलं नाहीये हे पटावं म्हणून हेडफोन ताईच्या कानाला लावले. चौथ्या वेळचं चित्रण लावलं. त्यात एक जड बूट आहे, उंबऱ्याला टाच ठोकून काढलेला. ठक् ठक्. ताईचा चेहरा असा उजळला की मला रडूच आलं. हे आले, म्हणाली. भाऊजी बूट तसेच काढायचे म्हणे.

अजून एकदा घेऊ, म्हणाली. ती हसत होती हो. मी नाही कशी म्हणणार? ऊन उतरेपर्यंत घेत होतो.

रविवार, ९ तारीख, सकाळ

घरभर कप मांडलेत. चहा ओतते, निवला की दुसरा ओतते. सोफ्याशी बोलते, पलंगाशी बोलते. आईला हवी तशी ताई बोलायला लागली, फक्त माझ्याशी नाही. कालपासून ती बसलेली नाही. बस म्हटलं तर म्हणाली, जागा कुठे आहे? रात्रभर भिंतीला टेकून उभी होती. पाय सुजलेत. तोंडात घास नाही.

कालची सगळी चित्रणं ओळीने ऐकली. चौथ्या वेळी ठक् ठक् एकदाच आहे. ताईने ते ऐकून ‘हे आले’ म्हटलं, आणि त्यानंतर जे जे आत आले, त्या प्रत्येकाने ठक् ठक् केलंय. साध्या चपलांनीसुद्धा. तिला काय हवंय ते त्यांनी ऐकलं. शिकले.

ताईला सांगितलं. तुझ्या डोळ्यांत माझं सुख खुपतंय, म्हणाली. ताई असं बोलली मला! हाताला धरून ओढलं तर उंबऱ्याशी पाय रोवून उभी. पाहुणे घरात असताना बाहेर कोण जातं?

मी ओरडून सांगितलं त्यांना, निघा. काही नाही. मी बोलावलंच नव्हतं ना. जिने बोलावलं तिनेच सांगायला हवं, आणि ती सांगणार नाही.

डॉक्टरांचा निरोप, सहाच्या आत फिल्म द्यायची आहे, होईल ना? चुलीत गेली फिल्म.

रविवार, दुपार

सुचलं! शुक्रवारचं रेकॉर्डिंग. तिचाच आवाज आहे. शेवटचे दोन शब्द कापले, ‘माझ्या स्वयंपाकघरातून’. उरलं, ‘चला, सगळे बाहेर व्हा बघू!’ मोठा स्पीकर दाराशी ठेवलाय. ताई, ऊठ ना गं, एक घोट पाणी तरी पी — भिंतीवरून घसरून खाली बसली आहे. ओठ पांढरे. थांबण्यात अर्थ नाही.

लावते.

नंतर

उठले! हेडफोनमध्ये ऐकलं. सोफ्याच्या स्प्रिंगा कुरकुरल्या, पलंग करकरला. ठक् ठक्, ठक् ठक्, उंबऱ्यावर नुसती रांग. मग जिना. किती वेळ उतरत होते. मी दाराकडे बघत होते, डोळे घट्ट मिटून, म्हणजे बघत नव्हते — आणि मग घर एकदम हलकं झालं. श्वास घेता आला. मी म्हटलं, ताई, झालं गं, गेले सगळे —

हेडफोनमध्ये चटक्-फट्.

जिन्यावर. खाली जाताना.

भिंतीपाशी कुणी नाही.

सगळे. मीच म्हटलं, सगळे. तिच्याच आवाजात.

संध्याकाळ

रस्त्यापर्यंत धावले. कुणी नाही. डॉक्टर त्यांच्या दारातच होते, जिन्यावरून कुणीच उतरलं नाही म्हणतात. वर यायला तयार नाहीत. आईचा फोन वाजतोय. काय सांगू? आई, मी —

एकच उपाय आहे. माहीत आहे काय होईल. पण ताई येईल ना. तिची चाल मी ओळखते. तिची ऐकू आली की लगेच बंद करेन.

सहा वाजले.

लावलं. आत या ना, दारात का उभे?

जिना वाजतोय. चपला. ही नाही. बूट. ही पण नाही. पुन्हा लावलं. ताई, ये ना गं. नाही. अजून एकदा —

चटक्-फट्.

आली! आली माझी ताई! बंद —

पुन्हा चटक्-फट्. तिच्या मागे.

त्याच्या मागे अजून एक.

मी ‘आली’ मोठ्याने ओरडले का? त्यांनी ऐक — जिनाभर तेच वाजतंय, चटक्-फट्, सगळ्यांचं तेच — ताई, यातली तू कुठली? ताई, मला काहीतरी बोल, ठमे म्हण, नुसतं ठमे म्ह —

सगळेच ठमे म्हणतायत —