मिठाची दुसरी गोणी

॥ श्री ॥
पुणे, ४ ऑक्टोबर १९८१

तीर्थरूप बापूजींच्या चरणी नलूचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आईने दिलेल्या पुऱ्या मनमाडपर्यंत पुरल्या आणि लोणच्याचं तेल माझ्या नव्या साडीला थेट पुण्यापर्यंत पुरलं. खोली चांगली आहे. घरमालकीणबाई प्रेमळ आहेत. मी बोलले की कौतुकाने ऐकतात आणि मग विचारतात, तुमच्याकडे हिंदीच बोलतात ना. मी सांगितलं की मराठीच बोलतात. त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

कारखान्यातली साबणाची कढई पाहून मी गारच झाले. आपलं दुकान माडीसकट तिच्यात मावेल. वर चढायला लोखंडी जिना आणि उभं राहायला मचाण आहे. वर्ध्याच्या संस्थेत आम्ही काचेच्या भांड्यात वाटीभर साबण करतो. आमचे पुंडलिकराव साहेब निघताना म्हणाले होते की वाटीतला साबण संस्थेत सगळ्यांना येतो, कढईतला कोणालाच येत नाही, म्हणून तर या वर्षीपासून माणसं कारखान्यात पाठवायचं ठरवलं. ते आता पटलं.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण आईला पुन्हा एकदा समजावा. संस्थेतली माझी नोकरी मार्चअखेरपर्यंतचीच आहे. कढईवर सहा महिने काम केल्याचा दाखला मिळाला, तर संस्थेचा बंद पडलेला साबण विभाग माझ्याकडे येईल आणि मी कायम होईन. नाही मिळाला तर एप्रिलपासून मी आपल्या दुकानात पुड्या बांधायला हजर. तोवर तिने स्थळांचा विषय बाजूला ठेवावा.

इथले मेहेंदळे साहेब फार कमी बोलतात. चूक चालेल, खोटं चालणार नाही, एवढंच पहिल्या दिवशी म्हणाले. मला बरं वाटलं.

आईला नमस्कार. तुमचा लोभ आहेच, तो पोस्टाने वरचेवर येऊ द्यावा.

आपली,
नलू

॥ श्री ॥
देवळी, १४ ऑक्टोबर १९८१

चि. नलू हीस अ. उ. आ.

पत्र पावले. दुकानात गिऱ्हाइकी चालू असतानाच वाचले, त्यामुळे कढईची उंची आता सगळ्या देवळीला ठाऊक आहे. नत्थूजी टेलर म्हणतो, एवढी कढई असेल तर ढवळणारी बाई केवढी असेल. तू आपली आहेस तेवढीच राहा.

लोणच्याचा डाग मी तुझ्या आईला सांगितला नाही, कारण बरणी तिनेच बांधली होती. तिची चिंता निराळी आहे. साबणाच्या कारखान्यात राहून पोरगी अंगाला साबण लावते की नुसती बघत बसते, असे तिने विचारले आहे.

परवा मालासाठी वर्ध्याला गेलो, तेव्हा सिंदी मेघेला पुंडलिकरावांच्या घरी डोकावलो. संस्थेची कढई म्हणे मागच्या अंगणात पालथी पडली आहे आणि तिच्याखाली कुत्रीने पिल्ले घातली आहेत. तू येईपर्यंत साबण विभाग तिच्याच ताब्यात आहे, असे ते म्हणाले.

तळेगावची मावशी स्थळ घेऊन आली होती. मी तोंड उघडण्याआधी तुझी आईच म्हणाली, "पोरगी कढईवर हाय. मार्चपर्यंत खाली नाई उतरत." मावशी चहा न घेता गेली. आता आईला समजावायचे काम माझ्याकडे उरलेले नाही.

प्रकृतीस जप. आमच्यावरची माया तिकडच्या हवेत पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
बापूजी

॥ श्री ॥
पुणे, ५ नोव्हेंबर १९८१

तीर्थरूप बापूजींच्या चरणी सा. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ मिळाला. आधीच लिहिणार होते, पण काय लिहावं हेच कळेना.

साबण शिजत आला की त्यात मीठ टाकतात. मग साबण वर येतो आणि पाणी खाली बसतं. मीठ बेताचंच लागतं. सोमवारी मी मचाणावर उभी राहून गोणी टाकत होते. बॉयलरचा आवाज चालू होता. मेहेंदळे साहेबांनी खालून ओरडून विचारलं की गोणी टाकली का. मीही ओरडून सांगितलं की टाकून राह्यली. त्यांनी मान हलवली आणि हमालाच्या पाठीवर दुसरी गोणी वर पाठवली. मला वाटलं, साहेबांचा हुकूम आहे, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी तीही टाकली. थोड्या वेळाने साबण नासलेल्या दुधासारखा फुटला. पाणी घालून सगळी कढई नव्याने शिजवावी लागली.

पहिली गोणी टाकलीच नाही असं तुम्हीच सांगितलंत, ती वर पोचलीच नसेल म्हणून मी दुसरी पाठवली, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं की मी असं सांगितलंच नाही. तेव्हा सगळ्यांसमोर ते म्हणाले, "चूक भरून काढता येते. खोट्या माणसाचं मी काय करू?"

बापूजी, मी खोटं बोलले नाही. एवढा मोठा माणूस खोटं का बोलतो तेही मला समजत नाही. आता मला पॅकिंगला बसवलंय. दिवसभर वड्यांना कागद गुंडाळते. कागद गुंडाळल्याचा दाखला घेऊन कोणता विभाग मिळणार? पुड्या बांधायची सवय मात्र होते आहे. फार वाईट वाटतं. परत यावंसं वाटतं.

आईला यातलं काही सांगू नका.

आपली,
नलू

॥ श्री ॥
देवळी, ११ नोव्हेंबर १९८१

चि. नलू हीस अ. उ. आ.

सांगू नका हे वाक्य तू पत्राच्या शेवटी लिहिलेस. तोवर माझे सगळे मोठ्याने वाचून झाले होते. आई रडली. मी हसलो. त्यामुळे ती कालपासून माझ्याशी बोलत नाही.

का हसलो ते ऐक. तू शाळेत होतीस तेव्हाची गोष्ट. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा ट्रंककॉल आला, गुळाचा ट्रक पोचला का म्हणून. ट्रक पुलगावहून निघाल्याचा निरोप मला नुकताच मिळाला होता. मी सांगितले, माल येऊन राह्यला. त्याने बरे म्हणून फोन ठेवला आणि चार दिवसांनी गुळाचा दुसरा ट्रक दुकानापुढे उभा. मी त्याला लबाड म्हटले, त्याने मला. त्या साली देवळीतल्या लग्नांत लाडूसुद्धा गुळाचे झाले. पुढे त्याचा मुनीम आला, ओट्यावर बसला, तेव्हा उलगडा झाला. माल यायचा राहिला, असे त्याने ऐकले होते.

अगं, आपण टाकून राह्यली म्हणतो तेव्हा हात चालू असतो. तिकडे राहिली म्हणजे टाकायचीच राहून गेली. वर बॉयलरचा आवाज. तू खरे बोललीस आणि साहेबाने खरेच ऐकले. दोघांच्या मधे एक राह्यली उभी होती, तिने घोटाळा केला.

तेव्हा रुसून कागद गुंडाळत बसू नको आणि परत येण्याचे तर नावच काढू नको. उद्याच जा आणि सांग. रागाने सांगू नको, हसून सांग. मी व्यापाऱ्याला रागाने सांगितले, म्हणून गूळ परत गेला नाही.

आताच आई माझ्याशी बोलली. निरोप लिही म्हणाली: "त्याले म्हणा, पोरगी काम करून राह्यली तर तू तिले काऊन बसवून राह्यला?" यातला प्रत्येक राह्यला साहेबाला नीट समजावून दे.

आमचा जीव तुझ्यापाशी आहे, तो सांभाळून ठेवावा.

तुझा,
बापूजी

॥ श्री ॥
पुणे, २२ नोव्हेंबर १९८१

तीर्थरूप बापूजींच्या चरणी सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी खोलीत एकटीच इतकी हसले की घरमालकीणबाई पाणी घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. गुळासकट सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. उठले, मला मचाणावर पाठवलं, बॉयलर चालू करायला लावला आणि स्वतः खाली उभे राहिले. मग तेच वाक्य ओरडायला सांगितलं. मी ओरडले. पुन्हा म्हणाले, मी पुन्हा ओरडले. दोन्ही वेळा त्यांना ते टाकायची राहिली असंच ऐकू आलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसलेले असताना साहेब मधोमध उभे राहिले. म्हणाले, "नलूताईंनी खरंच सांगितलं होतं. कान माझे पुण्याचे होते." मग एवढंच म्हणाले की खोटं सगळ्यांसमोर म्हटलं, म्हणून हेही सगळ्यांसमोर. बापूजी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि घास तसाच हातात राहिला. हे राहिला पुण्याचं.

मी परत कढईवर आहे. आता मचाणावरून ओरडायचं नाही, हाताने खूण करायची असा नियम झालाय. पण कामगारांना नवा खेळ मिळाला आहे. कोणी जेवून राह्यला असतो, कोणी बिडी पिऊन राह्यला असतो. मी मात्र टाकते आहे, ढवळते आहे असं जपून बोलायला शिकते आहे.

आईचा निरोप मी साहेबांना जसाच्या तसा दिला. त्यांना तो दोनदा ऐकायचा होता.

आपली,
नलू

॥ श्री ॥
पुणे, २१ फेब्रुवारी १९८२

तीर्थरूप बापूजींच्या चरणी सा. न. वि. वि.

पुंडलिकराव साहेबांनी वर्ध्याहून निंबोळीच्या तेलाचं पिंप पाठवलं होतं. त्याचा साबण मी छोट्या कढईत एकटीने काढला. मीठसुद्धा मीच ठरवलं. वास असा सुटला की पॅकिंगच्या बायका पदर नाकाला लावून मला शिव्या देत होत्या, पण साबण सुरेख बसला. मेहेंदळे साहेबांनी वडी हातात घेतली, हात धुतले, वास घेतला आणि पुन्हा धुतले. दाखला मिळणार, शंका नाही.

दुसरी गोष्ट अशी की त्यांनी मला इथेच कायमची नोकरी देऊ केली आहे. पगार संस्थेपेक्षा पुष्कळ जास्त आहे आणि शिकायलाही खूप मिळेल. महिनाअखेरीस उत्तर द्यायचं आहे. माझं मन अजून ठरत नाही. तुम्ही काय म्हणता ते मोकळेपणाने लिहावं.

आपली,
नलू

॥ श्री ॥
देवळी, २५ फेब्रुवारी १९८२

चि. नलू हीस अ. उ. आ.

मोकळेपणाने लिहितो. राहा. अशी संधी कोणाच्या पोरीला मिळते? आमची काळजी करू नको. दुकान चालू आहे, गुडघे चालू आहेत. नत्थूजीला मी आधीच सांगून टाकले की पोरगी पुण्याची झाली. तुझी पत्रेही तशी झाली आहेत. येत आहे, करत आहे, सगळे कसे इस्त्री केलेले.

आईला विचारले. ती म्हणाली, "जिथं जीव रमते तिथं राहा म्हणा." मग आत गेली आणि घासलेलेच डबे पुन्हा घासत बसली. यावरून काही समजू नको, तिला ती सवयच आहे.

पुंडलिकराव परवा दुकानात आले होते. निंबोळीचा साबण बसला हे तुझ्या साहेबांकडून कळल्यावर त्यांनी कढई सरळ करून घेतली, चिंचेने घासून घेतली. पिल्ले मोठी झाली, ती आता फाटकाशी असतात. यावरूनही काही समजू नको. बातमी म्हणून लिहिली.

तू जे करशील त्यात मला आनंद आहे. मला तुझा फार अभिमान वाटतो. समोर असतीस तर हे म्हणालो नसतो.

लांब असलीस तरी आमच्याकडे पाहणे सोडू नये.

तुझा,
बापूजी

॥ श्री ॥
पुणे, ३० मार्च १९८२

तीर्थरूप बापूजींच्या चरणी सा. न. वि. वि.

कार्डच लिहिते, कारण ट्रंक बांधायची आहे. दाखला हातात आला. त्यात पॅकिंगचा उल्लेख नाही. मेहेंदळे साहेबांना मी महिन्यापूर्वीच नाही म्हणून सांगितलं होतं. तुम्हाला मुद्दामच कळवलं नाही. घासलेले डबे पुन्हा घासल्याची शिक्षा म्हणून.

इथे मला फार आवडलं. पण हे सगळं मी त्या पालथ्या कढईसाठी शिकले, आणि ती सरळ झाल्यावर तिच्याजवळ मीच नसायचं, हे मला सहन झालं नसतं. साहेब म्हणाले की मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. पावसाळ्यात कढई बघायला यायचं म्हणतात. आईच्या हातचं लोणचं मागितलं आहे. बरणी या वेळी मी बांधेन.

मावशीला कळवा की पोरगी अजून कढईवरच आहे, फक्त कढई बदलली.

आणि बापूजी, मी येऊन राह्यली. याचा पुण्याचा अर्थ घेऊ नका, आपला घ्या.

तुमचीच,
नलू